मांडवीवरच्या जेटीची दुरुस्ती: साइटवरच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

दिवाळी आटोपून काल सावंतवाडीहून निघाले, आज सकाळी साइटवर हजर. डिचोली तालुक्याच्या अंगाला मांडवी जिथे वळते, तिथली ही खनिज भरायची जेटी. लांबी ८४ मीटर. दर सहा मीटरवर दोन पाइल (नदीच्या तळात रोवलेले काँक्रीटचे खांब), असे एकूण ३० पाइल, प्रत्येकाचा व्यास ७५० मिमी. बांधकाम १९८० च्या दशकातलं.

दहा-बारा दिवसांपूर्वी वरच्या अंगाच्या एका जेटीवरून भरून निघालेल्या बार्जचं सुकाणू अडकलं. सुकती, म्हणजे ओहोटी, जोरात होती. बार्ज आडवी झाली आणि आपल्या जेटीच्या वरच्या कोपऱ्यावर घासत गेली. कोणाला इजा झाली नाही, हे पहिलं विचारून घेतलं. नदीकडचा कोपऱ्यातला पाइल तुळईखाली तिरकस फुटलाय, शेजारचा तडकलाय. पाइलांच्या माथ्यावरच्या काँक्रीटचा, म्हणजे पाइलकॅपचा, कोपरा ढासळून सळ्या उघड्या पडल्यात. धक्का झेलायला फेंडर म्हणून बांधलेले ट्रकचे टायर नदीत गेले.

संध्याकाळी वहीत हिशेब मांडला. दोन हजार टन माल आणि बार्जचं स्वतःचं वजन मिळून साधारण २७०० टन. अशी भरलेली बार्ज सेकंदाला ०.३ मीटर वेगाने नीट लागली, तर जेटीला साधारण १२० किलोज्यूल पचवावे लागतात. सुकतीच्या ओढीत वेग १.५ मीटर धरला तर ऊर्जा तीन हजारांवर जाते. वेग पाचपट, मार पंचवीसपट. घासत गेली म्हणून निभावलं. समोरून आली असती तर कोपरा जागेवर राहिला नसता.

मालकांच्या व्यवस्थापकांचं म्हणणं सरळ आहे: कोपरा बांधून द्या, पावसाआधी संपवा, आणि जेटीचा खालचा अर्धा भाग चालू राहू द्या. तिसरी अट मला मान्य आहे. नदी चालती आहे, कित्येक घरं या बार्जांवर आहेत. आमचंही घर त्यातलंच होतं. बाबा तीस वर्षं बार्जवर इंजिन सांभाळत होते.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

परवा त्रिपुरी पौर्णिमा झाली. काल आणि आज पहाटेची सुकती साधून होडीतून जेटीखाली गेलो.

वेळ ठरवायला बाबांना फोन केला होता. भरती-ओहोटीचं कोष्टक माझ्याकडे आहे, पण ते मुरगाव बंदराचं. आपण नदीत खूप आत आहोत. बाबा म्हणाले, "तिथी धर, पाऊणान गूण, वर तासभर घाल." पौर्णिमेची तिथी पंधरावी, पाऊणपट सव्वाअकरा, वर एक तास. म्हणजे भरती सव्वाबाराला आणि पाणी तळाला जाणार सकाळी सहाच्या पुढेमागे. काल काठीवर खूण करून बसले होते. पाणी सहा वाजून दहा मिनिटांनी थांबलं.

या हिशेबातून आमच्या कामाचं वेळापत्रकच निघालं. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, पाणी सगळ्यात खाली जातं ते नेमकं पहाटे आणि संध्याकाळी. भर दुपारची सुकती मिळते भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, पण तेव्हा पाणी पुरेसं उतरत नाही. तुळईखालचं खरं काम महिन्यातून दोन वेळा, प्रत्येकी चार-पाच दिवस, दिवसाला दोन-अडीच तास. त्यातही दोन सुकत्या सारख्या नसतात, एक दुसरीपेक्षा खोल जाते.

आता खाली काय दिसलं ते. कोपऱ्यापुरतंच नुकसान असेल असं मानून गेलो होतो. पण बार्ज जिथे पोचलीच नाही, तिथल्या पाइलांवरही उभ्या भेगा आहेत, त्यांतून तांबडे ओघळ. भरती-सुकतीच्या पट्ट्यात कवच सुटलंय. मुकादमांनी हातोडी टेकवली तर तळहाताएवढी खपली होडीत पडली. मुकादमांना साइटवर सगळे काका म्हणतात, मीही म्हणते. बंदरांच्या कामात त्यांचे केस पांढरे झालेत. त्यांनी ती खपली उलटी करून दाखवली. सळीचा ठसा उमटला होता, तपकिरी, पापुद्र्यांचा.

पाइल ७ वर कोणीतरी पूर्वी प्लास्टर केलंय. ते प्लास्टर शाबूत आहे, पण त्याच्या जरा वर आणि जरा खाली नवा गंज फुटलाय. या पाइलाचे फोटो वेगळे काढून ठेवले.

२३ नोव्हेंबर २०२४, शनिवार

आठवडाभर चाचण्या. निकाल लिहून ठेवते, कारण पुढे यावरच वाद होणार.

फिनॉफ्थॅलीन: फोडलेल्या भागावर फवारलं, जवळजवळ पृष्ठभागापर्यंत गडद गुलाबी. म्हणजे काँक्रीटचा अल्कलीपणा टिकून आहे, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ते मेलेलं नाही. तरीही आत सळई गंजली आहे. मग कारण एकच उरतं, मीठ.

क्लोराइड: ड्रिलने २५-२५ मिमीच्या थरांची पूड काढून प्रयोगशाळेत दिली होती. सळईच्या खोलीवर घनमीटरला १.९ किलो. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ नव्या आरसीसीत ०.६ च्या वर चालवून घेत नाही.

हाफ-सेल (सळईचं विद्युत विभव मोजणारी चाचणी): भरती-सुकतीच्या पट्ट्यात बारा पाइलांवर उणे ३८० ते उणे ४६० मिलिव्होल्ट. उणे ३५० च्या पलीकडे गेलं की गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. कायम पाण्याखाली असलेल्या भागात गंज नाही म्हटलं तरी चालेल, तिथे प्राणवायू पोचत नाही. मधल्या पट्ट्यात मात्र दिवसातून दोनदा ओलं, दोनदा कोरडं. भरती मीठ आत नेते, सुकतीला पाणी उडून जातं, मीठ तिथेच राहतं.

कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर): नकाशात ५० मिमी, प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी ३५. आज नवीन बांधलं तर अशा जागी आयएस ४५६ प्रमाणे ७५ लागेल.

मुख्य सळ्या २५ मिमीच्या. सर्वांत वाईट ठिकाणी व्हर्नियरने मोजली, २१. क्षेत्रफळात जवळजवळ तीस टक्के घट. गंजलेलं लोखंड मूळच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं आणि आतून काँक्रीट फोडतं. ती खपली बार्जने पाडलेली नव्हती.

इतक्या आत मीठ कुठून, असं व्यवस्थापकांनी विचारलं. पावसाळ्यात ही नदी गोडी असते, म्हादईचं, म्हणजे मांडवीच्याच वरच्या प्रवाहाचं, पाणी सगळं मीठ बाहेर ढकलतं. दसऱ्यानंतर वरचा प्रवाह आटत जातो आणि भरती खारं पाणी घेऊन आत शिरते. भरतीचा परिणाम पार गांजेपर्यंत जाणवतो. वर्षातले निदान सात महिने हे पाइल मिठात उभे असतात.

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

मोठी बैठक झाली. तीन तास.

त्यांच्या बाजूचा प्रस्ताव: कोपऱ्याचे दोन पाइल करा, बाकी बारांवर सिमेंटचा हात फिरवा. मी पाइल ७ चे फोटो पुढे ठेवले. गंजणारा भाग हा विजेच्या घटातल्या अॅनोडसारखा वागतो. तो स्वतः झिजतो आणि त्यामुळे शेजारची सळई वाचते. तेवढाच भाग खरवडून नवं काँक्रीट भरलं की शेजाऱ्याचा राखणदार गेला. शेजारीही मिठाने भरलेलाच असतो, आता तो झिजायला लागतो. म्हणून पाइल ७ वर प्लास्टर शाबूत आणि कडेने नवा गंज. बारा पाइलांवर हात फिरवणं म्हणजे बारा ठिकाणी हेच पुन्हा करून ठेवणं.

हे बोलताना माझा आवाज चढला, ते मला जाणवलं. पण मी ते मनापासून बोलत होते. १९८६ च्या ५ जुलैला पणजीचा मांडवी पूल कोसळला. त्याच्या आतल्या ताणलेल्या तारा खारेपणाने गंजल्या होत्या. बाबा तेव्हा याच नदीवर होते. बाहेरून काही दिसत नव्हतं, एवढंच ते आजही सांगतात.

आणखी एक गोष्ट बैठकीत सगळ्यांना ठाऊक होती, पण कोणी बोलत नव्हतं. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातल्या खाणी थांबल्या. पुढे सुरू झाल्या, तर फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केली आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळं थांबलं. माल नाही, बार्ज नाही, तर जेटीकडे कोण बघणार? खाण थांबली म्हणून नदी थांबत नाही. त्या वर्षांतही भरती दिवसातून दोनदा येतच होती.

ठरलं ते असं. मोडक्या कोपऱ्याच्या पाइलाऐवजी दोन नवे पाइल: एक जेटीच्या बाहेर वरच्या अंगाला, एक डेकमध्ये सव्वा मीटरचं चौकोनी भोक पाडून त्यातून. दोन्हींवर नवी तुळई, ती जुनीला खालून धरेल. तडकलेला शेजारी आणि गंजलेले बारा पाइल मिळून तेरांना फायबरचं जॅकेट, आत नव्या सळ्या, जस्ताचे अॅनोड आणि ग्राउट (पातळ सिमेंटचा मसाला). टायरांऐवजी रबरी फेंडर.

पाइल १४ यादीत बसला नाही. त्याचं रीडिंग उणे ३१०. ना इकडचा, ना तिकडचा. मी आग्रह धरला, पण पैशांची हद्द आली.

१२ डिसेंबर २०२४, गुरुवार

पाँटून, म्हणजे कामाचा तरंगता तराफा, आला. त्यावर विंच, तिकाटणं, छिन्नी, गाळ काढायचा बेलर. पाइलांची भोकं खोदणारं मोठं रोटरी रिग आणायचा विचार सोडला. कुंभारजुवे कालव्याच्या बाजूने आणायचं तर परवाने आणि पाण्याची खोली दोन्हींचा प्रश्न, आणि दोन पाइलांसाठी तो खर्च परवडत नाही.

बार्जांच्या तांडेलांशी, म्हणजे त्या हाकणाऱ्यांशी, बोलणं झालं. आमच्या पाँटूनवर लाल बावटा असेल तर वेग कमी, रात्री लाल दिवा. व्हीएचएफ रेडिओवर आधी कळवतील. तांडेलांपैकी एकांनी बाबांचं नाव विचारलं आणि मग बाकीच्यांना त्यांनीच समजावलं. मला फारसं बोलावं लागलं नाही.

२० डिसेंबर २०२४, शुक्रवार

पहिला लायनर, म्हणजे नव्या पाइलाची पोलादी नळी, उतरला. ८ मिमी जाडीचा, कायम तिथेच राहणारा. वर चार मीटर लालसर गाळ, त्याच्याखाली काळी चिकण माती, मग कुजका जांभा, मग फायलाइट खडक. चिकण मातीत लायनर स्वतःच्या वजनाने जवळपास सरकला. जांभ्यावर आल्यावर थांबला, तिथून छिन्नी.

काढलेला गाळ नदीत परत सोडायचा नाही, तराफ्यावरून काठावर न्यायचा, असं मी पहिल्याच दिवशी ठरवून दिलं. पलीकडच्या काठाला खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन, आहे. बांधातल्या मानशीतून, म्हणजे पाण्याच्या दारातून, भरतीचं पाणी आत-बाहेर होतं, त्यावर भातशेती आणि मासळी दोन्ही अवलंबून. आम्ही इथे गढूळ केलं की दुपारपर्यंत ते तिथे पोचतं. एक फेरी जास्त लागते, ती लागू दे.

९ जानेवारी २०२५, गुरुवार

बाहेरच्या पाइलाचं काँक्रीट. हा दिवस लक्षात राहील.

लांबी २२ मीटर, म्हणजे साधारण पावणेदहा घनमीटर. वर खराब काँक्रीट छाटून टाकण्यासाठी जास्तीचं धरून साडेदहा. सहा-सहा घनमीटरचे दोन मिक्सर. एम ४०, पाण्याखालचं म्हणून सिमेंट घनमीटरला ४०० किलोच्या वर, स्लंप, म्हणजे ओल्या काँक्रीटचा ढासळ, १५० ते १८० मिमी. पिंजरा पहाटेच उतरवला होता. तळ बेलरने पुन्हा साफ केला, वजन लावलेली दोरी सोडून खोली दोनदा मोजली.

ट्रेमीचं, म्हणजे नळीने पाण्याखाली काँक्रीट ओतण्याचं, तत्त्व सोपं आहे, हात मात्र धीराचा लागतो. दोनशे मिमीची नळी तळापर्यंत. पहिला घाणा एकदम सुटतो, नळीतलं पाणी खाली ढकलतो. त्यानंतर नळीचं तोंड कायम काँक्रीटच्या आत दीड-दोन मीटर बुडलेलं राहिलं पाहिजे. नवं काँक्रीट जुन्याच्या पोटात शिरतं आणि जुनं वर येतं, पाण्याशी गाठ फक्त सगळ्यात वरच्या थराची. तोंड एकदा बाहेर आलं की तिथे पाण्याचा आणि गाळाचा पापुद्रा कायमचा. वरून दिसणार नाही, पण पाइल तिथे दोन तुकड्यांचा असेल.

पहिला मिक्सर साडेनऊला रिकामा झाला. दुसरा आला नाही. गावातल्या अरुंद वळणावर एक ट्रक बंद पडून रस्ता अडला होता. दहा वाजले. साडेदहा. काका नळी सारखी अर्धा फूट वर, अर्धा फूट खाली करत होते, म्हणजे आतलं काँक्रीट जिवंत राहील. मी दर पाच मिनिटांनी दोरीने पातळी मोजत होते. काँक्रीट उशिरा घट्ट व्हावं म्हणून रिटार्डर घातला होता, प्रयोगशाळेच्या हिशेबाने तीन तास हातात होते. पण तो हिशेब सावलीतला, आणि इथे लायनर उन्हात तापत होता.

पोत्यांनी लायनर झाकला, वर पाणी मारत राहिलो. पाँटूनवर कोणी बोलत नव्हतं. एक बार्ज गेली. तिने लांबूनच इंजिन बारीक केलं, पाणी हललं नाही म्हणावं इतकं थोडं. अकरा वाजून पाच मिनिटांनी दुसरा मिक्सर पोचला. ड्रायव्हर घामाघूम, चिठ्ठी हातात धरून धावत आला. स्लंप घेतला, १५५. घेतलं.

नळीचं तोंड त्या सगळ्या वेळात दोन मीटर दहा सेंटीमीटर आत होतं. बाराच्या आत पाइल भरला. काका लायनरच्या कडेवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "मॅडम, आता चौदा दिवस झोप लागायची नाही." चौदा दिवसांनी पाइल अखंड आहे का पाहणारी इंटेग्रिटी चाचणी घेता येते, म्हणून.

२४ जानेवारी २०२५, शुक्रवार

डोकं छाटलं, घासलं, सेन्सर चिकटवला, हातोडीचे टोले दिले. लहर तळापर्यंत गेली, परत आली, मध्ये कुठे अडखळली नाही. आलेख छापून काकांना दिला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला.

दुसरा पाइल १८ तारखेलाच झाला होता. त्या दिवशी तिसरा मिक्सर गावाबाहेर तयार उभा ठेवला होता. तो वापरावा लागला नाही, भाडं मात्र पडलं. ते बिल मी स्वतः मंजूर करून घेतलं.

३० जानेवारी २०२५, गुरुवार

काल पौष अमावास्या, आजपासून जॅकेटं.

आधी सफाई. पाइलांवर कालवांचा आणि बार्नॅकलचा जाड थर. हायड्रोजेटने काढायचा, पण गावातल्या बायका त्याआधीच कोयता-टोपली घेऊन होडीतून आल्या. "बाय, आमकां आदीं काडूंक दी." दोन पहाटे त्यांना दिल्या. नऊ पाइलांवरची कालवं त्यांनी इतकी साफ काढली की आमचा फवारा अर्ध्या वेळेत झाला.

पद्धत अशी. सुटं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडायचं, सळई चकचकीत करायची, झिजलेल्या सळीला जोड-सळई, कडेला जस्ताचे अॅनोड तारेने सळईला बांधायचे. जस्त लोखंडापेक्षा लवकर झिजतं. शेजारचा राखणदार आपण काढून घेतो, त्याच्या जागी हा नवा बसवायचा. मग एक मीटर व्यासाच्या फायबर कवचाचे दोन अर्धे पाइलाभोवती जोडायचे, तळाला रबरी सील, आणि ग्राउट खालून वर दाबत न्यायचं, म्हणजे पाणी वरच्या तोंडातून निघून जातं.

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

पाइल ४ चं जॅकेट बिघडलं. चूक माझी. सकाळी पाणी चढायला लागलं होतं, सील तपासायला पाणबुड्याला आणखी वीस मिनिटं हवी होती. मी म्हटलं, दाबा. ग्राउट एक मीटरपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. पंप चालू, पातळी हलेना. एका बाजूने सील वळलं होतं आणि ग्राउट तळातून नदीत जात होतं. पंप बंद केला तोवर पाव घनमीटरहून जास्त गेलं.

पुढच्या उधाणाला जॅकेट कापून काढायचं, भरलेलं फोडायचं, पुन्हा पहिल्यापासून. दोन आठवडे वीस मिनिटांपायी गेले. आता नियम: सीलवर पाणबुड्याचा हात फिरल्याशिवाय आणि त्याने दोरीला तीन हिसके दिल्याशिवाय पंपाचं बटण कोणी दाबायचं नाही, मीसुद्धा नाही.

पाणबुड्यांबद्दल लिहायलाच हवं. या पाण्यात खनिजाचा तांबडा गाळ इतका की मुखवट्यासमोर धरलेली स्वतःची बोटं दिसत नाहीत. दिव्याने उलट अंधूक होतं. ते सगळं हाताने वाचतात. फुटलेल्या पाइलाची भेग कुठून कुठे गेली, हे त्यांनी गाठी मारलेल्या दोरीने मोजून वर येऊन माझ्या वहीत काढून दिलं होतं. पुढे कॅप मोकळी झाल्यावर पडताळलं, तीन सेंटीमीटरचा फरक होता.

१३ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

काल पौर्णिमा. पाइल ४ पुन्हा करायला पहाटे पाचला उतरणार होतो. पलीकडच्या चिखलावर मगर. टॉर्चच्या उजेडात डोळे चमकले. आठ फुटांच्या आसपास असावी.

कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत हे सगळ्या गोव्याला ठाऊक आहे. खाऱ्या पाण्यात तग धरून राहिलेल्या या गोड्या पाण्याच्या मगरी. कालवा मांडवीला मिळतो, तेव्हा त्या इकडे आल्या तर नवल नाही. दुर्भाटच्या बाजूला खाजनातले शेतकरी मातीची मगर घडवून तिची पूजा करतात, मानगे थापणी म्हणतात तिला. बांधाच्या राखणदाराचा मान आहे तिला. आमच्या दोन पोरांनी फटाके लावू का विचारलं. नाही म्हटलं. जागा तिची आहे.

पाण्यातलं काम रद्द. त्याऐवजी सुकतीत उघडे पडणारे वरचे भाग होडीतून केले. वनखात्याला कळवलं. दुसऱ्या दिवसापासून पाणबुड्या उतरायच्या आधी अर्धा तास होडीवरून टेहळणी. ती परत दिसली नाही.

१ मार्च २०२५, शनिवार

तेरापैकी नऊ जॅकेटं पूर्ण. पाइल ४ यावेळी चांगला भरला, वरच्या तोंडातून आधी गढूळ पाणी, मग पातळ, मग दाट ग्राउट आलं. थंड डोक्याने केलं.

नवी तुळई ओतली. जुन्या तुळईखाली वीस मिमीची फट ठेवून तीत न आकसणारं ग्राउट भरलं. आधी फ्लॅट जॅकने (चपट्या उचलयंत्राने) थोडा भार नव्या पाइलांवर घेतला, नाहीतर नवे पाइल नुसते उभे राहिले असते आणि मोडका कोपरा तसाच लटकत राहिला असता.

१७ मार्च २०२५, सोमवार

शिगमो, म्हणजे गोव्यातली होळी. निम्मी माणसं गावाला. उधाण फुकट गेलं असं व्यवस्थापक म्हणाले. मी माणसांच्या बाजूने बोलले. नोव्हेंबरपासून ती पहाटे चारला उठतायत.

२ एप्रिल २०२५, बुधवार

पाडवा झाला, शेवटची दोन जॅकेटं झाली. फेंडर आले. बोल्ट एसएस ३१६ या न गंजणाऱ्या पोलादाचे मागवले होते, पेटीत दुसरेच निघाले, चुंबक लावल्यावर घट्ट चिकटले. परत पाठवले. खाऱ्या पाण्यात चुकीचा बोल्ट दोन पावसाळेही काढत नाही, आणि बोल्ट गेला की फेंडर गेला, आणि मग पुन्हा कोपरा उघडा.

२१ मे २०२५, बुधवार

फेंडर एप्रिलअखेरीस बसले. मेमध्ये फक्त डेकचं भोक बुजवणं, कठडा आणि दिवे उरले होते, निवांत करू म्हटलं होतं. कालपासून पाऊस कोसळतोय. वळवाचा वाटत नाही. डेकवर ताडपत्री टाकून भोकाचं काँक्रीट आज रात्री उरकलं. काका, मी, चार माणसं, दोन हॅलोजन.

२६ मे २०२५, सोमवार

मोसमी पाऊस २४ तारखेला केरळात आला आणि लगेच इकडेही पोचला. दरवर्षी जूनचा पहिला आठवडा धरून चालतो. नदी एका रात्रीत तांबडी झाली, वरून ओंडके, जलपर्णी येतेय. मांडवीच्या मुखावरचा आग्वादचा वाळूचा दांडा पावसात बार्जांना ओलांडता येत नाही, मग मांडवीचा माल कुंभारजुवे कालव्यातून झुआरीत आणि तिथून मुरगावला जातो. म्हणजे आता वाहतूक कमी आणि पाणी जोराचं.

सकाळी एक रिकामी बार्ज वरच्या कोपऱ्यावर लागली, ऑक्टोबरनंतरची पहिली. मी नव्या तुळईवर तळवा टेकवून उभी होते. फेंडर दबला, सुटला. तुळईत थरथर आली ती एवढीशी. बाबा काठावर छत्री घेऊन उभे होते, काल रात्रीच्या गाडीने आले होते. बार्ज बांधून होईपर्यंत ते दोरखंडाकडे बघत राहिले, मग मला म्हणाले, "फुडचो दोर जरा सैल सोडूक सांग, पाणी चढताहा." सांगितलं.

दुपारी उघडीप मिळाली तेव्हा होडीतून सगळी रीडिंगं घेतली. जॅकेट केलेले तेराही आता निगराणीच्या तारेवर आहेत, जस्त काम करतंय. पाइल १४: उणे ३३५. नोव्हेंबरात उणे ३१० होतं. अजून भेग नाही, ओघळ नाही. पांढऱ्या रंगाने त्यावर खूण केली, तारीख घातली, आकडा लिहिला. अहवालाच्या पहिल्या पानावर, शेवटच्या नाही, त्याचा स्वतंत्र परिच्छेद लिहून दिला आहे.

पाइल १४ चं पुढचं रीडिंग: ५ नोव्हेंबर २०२५, त्रिपुरी पौर्णिमा, पहाटेची सुकती.